कर्वे पुतळा ते पुणे स्टेशन: मेट्रो बरी की पीएमपी?

कोथरूडमध्ये राहून गाडी न घेता निभतं का, असं हल्ली बरेच जण विचारतात. निभतं. प्रश्न एवढाच उरतो, की रोजच्या जाण्यायेण्याचा भार कशावर टाकायचा, मेट्रोवर की पीएमपीवर, म्हणजे शहराच्या बसवर? ॲपवरची कॅब अडीनडीला ठीक आहे. रोज ती परवडत नाही, आणि पावसाची सर आली की भाड्याचा आकडा बघून पायात घातलेले बूट परत काढून ठेवावेसे वाटतात.

माझं घर कर्वे पुतळ्याजवळ, काम पुणे स्टेशनच्या बाजूला. कागदावर दोन्ही सोयीचं.

मेट्रोत एकदा बसलं की तक्रारीला जागा नाही, हे आधीच कबूल करतो. नळ स्टॉपला खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वरून मेट्रो. संध्याकाळी खिडकीतून खाली तुंबलेले दिवे दिसले की आपण काहीतरी शहाणपणा केला असं वाटतं. तिकीट १० ते ३५ रुपयांत, शनिवार-रविवारी ३० टक्के सूट. पिंपरीला जायचं असेल तर विचारसुद्धा करू नका, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला आणि जा. स्वारगेटचं मात्र तसं नाही. कोथरूडहून बस टिळक रोडने सरळ जाते. मेट्रोने गेलात तर आधी उलट न्यायालयापर्यंत जायचं आणि उंचावरच्या फलाटावरून सरकत्या जिन्यांनी पार जमिनीखाली उतरून दुसरी गाडी धरायची. गुडघे कुरकुरत असतील तर ती पायपीट जाणवते.

बसच्या खोडी पुणेकराला नव्याने काय सांगायच्या! अर्धा तास एकही नाही, मग एकामागोमाग तीन. स्टॉपसमोर रिक्षा लावलेल्या, त्यामुळे बस रस्त्याच्या मधोमध थांबते आणि आपण पळत जाऊन दांडा पकडायचा. ‘आपली पीएमपीएमएल’ ॲप आल्यापासून बस कुठवर आली ते कळतं, निदान बऱ्याचदा कळतं. नव्या एसी इलेक्ट्रिक बसमध्ये जागा मिळाली तर प्रवास सुखाचा होतो.

तरी माझा कल बसकडे झुकला तो मेट्रोमुळेही नाही आणि बसमुळेही नाही. झुकला तो मेट्रो स्थानकाच्या जिन्याखाली उभ्या असलेल्या रिक्षांमुळे.

नळ स्टॉप घ्या नाहीतर आयडियल कॉलनी, मेट्रो स्थानकापासून माझं घर दीड-दोन किलोमीटर. मीटरने २५-३५ रुपये, कारण पहिल्या दीड किलोमीटरचे २५ आणि पुढे किलोमीटरला १७. पण मीटर टाकतो कोण? पहिला विचारतो, “कुठे?” कर्वे पुतळा म्हटलं की तो पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतो. दुसरा म्हणतो, “साठ होतील.” तिसऱ्याने तर मला तोंडावर सांगितलं, “चालत जा की काका, जवळच आहे.” सल्ला चुकीचा नव्हता. पण खांद्याला लॅपटॉपची बॅग, फूटपाथवर लावलेल्या दुचाकी आणि डोक्यावर एप्रिल, असं रोज कोण चालणार? सकाळी घरून निघतानाही हेच, फक्त उलट्या दिशेने. म्हणजे गारेगार प्रवासाच्या दोन्ही टोकांना घासाघीस. मला त्या पैशांपेक्षा रोज नकार ऐकायचा कंटाळा आला.

मेट्रोला जोडणाऱ्या फीडर बस आहेत, असं कोणी म्हणेल. पण बसचीच वाट बघायची तर सरळ पुणे स्टेशनच्याच बसची का बघू नये? २०१७-१८ मध्ये शहरात भाड्याच्या सायकली आल्या होत्या. त्या टिकल्या असत्या तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता.

बस घराजवळच्या स्टॉपवर सोडते. उतरलं, रस्ता ओलांडला, घरी. घड्याळ लावून कधी मोजलं नाही, पण दारापासून दारापर्यंत धरलं तर दोन्हींत फार फरक पडत नाही असा माझा तरी अनुभव आहे. बस लकडी पुलाच्या तोंडाशी अडकते तेव्हा बसलेला माणूस निदान पुस्तक वाचू शकतो.

गणपतीत मात्र मी मुकाट मेट्रोने जातो. मध्यवस्तीतले रस्ते बंद झाले की बस कुठून वळवतील याचा नेम नसतो. आणि तुमचं घर वनाज किंवा आनंदनगर स्थानकापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर असेल, तर वरचं सगळं विसरा. तुमच्यासाठी मेट्रोच.

बस ठरवलीत तर घाईने महिन्याचा पास काढू नका. जून २०२५ पासून तो १,५०० रुपयांचा झाला आहे. पाच ते दहा किलोमीटरला तिकीट २० रुपये, म्हणजे त्या अंतराच्या ७५ फेऱ्या झाल्या तरच पास फिटतो. नुसतं ऑफिसला जाऊन-येऊन तेवढ्या होत नाहीत. बस बदलावी लागत असेल किंवा संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायची सवय असेल तर घ्या. नाहीतर रोजचं तिकीट, आणि फिरायचा दिवस असेल तेव्हा ७० रुपयांचा दैनिक पास. कंडक्टरकडे सुटे नसतात, तेव्हा यूपीआय चालू ठेवा.