सात मंडळ्यांची वाट: तुर्कीच्या सहलीनंतर आठ महिन्यांनी

परतल्यावर पहिल्या आठवड्यात जो भेटेल तो विचारायचा, "कशी झाली ट्रिप?" आणि मी म्हणायचे, "फार छान." तेव्हा पाय सुजलेले होते, फोनमध्ये अकराशे फोटो होते आणि कुठला खांब कुठल्या गावचा हे माझं मलाच सांगता येत नव्हतं. आता आठ महिने झाले. त्या सहलीतलं काय टिकलं आणि काय विरून गेलं हे आज सांगता येईल, म्हणून लिहायला बसले आहे. असल्या सहलीवर साठवलेले पैसे घालावेत का, असा विचार घरात चालू असेल तर कदाचित उपयोग होईल.

मी नगरची. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, रविवारी चर्चमध्ये मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग घेते. आमच्या मंडळीची मूळ इच्छा यरुशलेमला जायची होती. ऑक्टोबर २०२३ नंतर तिकडच्या सहली रद्द होत गेल्या, तेव्हा पाळकसाहेबांनी प्रकटीकरणातल्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, सात मंडळ्यांचा (सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजांचा) विषय काढला. ही सातही गावं आजच्या पश्चिम तुर्कीत आहेत. चौतीस जण जमले, माझ्याबरोबर माझ्या जाऊबाई होत्या. दहा रात्री, माणशी १ लाख ७८ हजार रुपये, व्हिसा आणि टिप वेगळी. व्हिसाचं सांगायचं तर ज्यांच्या पासपोर्टवर अमेरिका, इंग्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा होता त्यांना ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. आम्हा बाकीच्यांना बँकेच्या कागदांपासून सगळी फाइल द्यावी लागली. त्यासाठी हाताशी दोन महिने तरी ठेवा.

माझे वडील पोस्टमन होते. सकाळी टपाल आलं की ते आपल्या बीटची पत्रं रस्त्याच्या क्रमाने लावून घ्यायचे. नाव, पत्ता, अक्षर यांच्याकडे नंतर बघायचं, आधी कुठलं घर वाटेत पहिलं लागतं ते. लहानपणी मी शेजारी बसून ते बघितलेलं आहे. सहलीच्या तिसऱ्या दिवशी बसमध्ये मांडीवर नकाशा पसरून बसले होते आणि एकदम ते आठवलं.

प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात योहानाला सात नावं सांगितली जातात: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. पुढच्या दोन अध्यायांत त्याच क्रमाने सात पत्रं आहेत. हा क्रम मी शाळकरी वयापासून पाठ म्हणत आले. आता नकाशावर बोट ठेवलं. योहान जिथे होता त्या पात्म बेटावरून होडीने निघालेला माणूस इफिसच्या बंदरात उतरतो. उत्तरेकडे स्मुर्णा, आणखी वर पर्गम, तिथून आग्नेयेला वळलं की थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि शेवटी लावदिकीया. दोन गावांमधलं अंतर साधारण पन्नास ते शंभर किलोमीटर. घोड्याच्या नालासारखी वाट आहे, आणि पत्रं त्या वाटेच्या क्रमाने लावलेली आहेत. मी जाऊबाईंना हलवून म्हटलं, "अहो, हे बीट आहे!" विल्यम रॅम्झी नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने हा रस्त्याचा क्रम १९०४ सालीच मांडलेला आहे, हे परत आल्यावर वाचनात आलं. तरी स्वतःच्या बोटाखाली तो सापडला त्याचा आनंद कमी झाला नाही.

म्हणूनच माझी पहिली तक्रार. आमच्या सहलीने हा क्रम पार विस्कटला. इस्तंबूलला उतरून, चनाक्कलेमार्गे आधी पर्गम, मग थुवतीरा, मग स्मुर्णा, मग इफिस, आणि तिथून पुन्हा आत सार्दीसला. कंपनीला हॉटेलं आणि बसच्या सोयीने तसं परवडत असेल. पण गट स्वतःचा असेल तर विमान इझमीरला उतरवा, इफिसपासून सुरुवात करा आणि पत्रांच्या क्रमाने चला. रोज सकाळी बसमध्ये त्या दिवसाचं पत्र वाचायचं आणि त्याच गावात उतरायचं. याला जास्तीचा खर्च नाही. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते.

इफिसबद्दल सगळेच भरभरून बोलतात, आणि ते खरं आहे. वरच्या दाराने आत शिरून उतरत खाली यायचं, संगमरवरी फरसबंदीचा रस्ता झिजून गुळगुळीत झालेला. रबरी तळव्याचे बूट घाला, चपला नकोत. आमच्यातल्या दोघी घसरल्या. सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग ऑस्ट्रियन संशोधकांनी १९७०च्या दशकात पडलेले तुकडे जोडून पुन्हा उभा केलाय, हे गाईडने सांगितलं तेव्हा मी तो पुन्हा निरखून पाहिला. खरा श्वास रोखला गेला तो थिएटरात. सुमारे २५ हजार माणसं बसतील एवढं ते मोठं. प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या अध्यायात देमेत्रिय सोनार चांदीचे देव्हारे बनवणाऱ्या कारागिरांना भडकवतो, आणि लोक दोन तास अर्तमी देवीच्या नावाने ओरडत राहतात, ती जागा हीच. पाळकसाहेबांनी खाली उभं राहून तो भाग साध्या आवाजात वाचला आणि वरच्या रांगेत बसलेल्या मला शब्दन् शब्द ऐकू आला. मग आम्ही एक मराठी भजन म्हटलं. शेजारचा कोरियन गट थांबून ऐकत होता.

थिएटरसमोरून एक रुंद रस्ता सरळ बंदराकडे जातो आणि झुडपांत संपतो. बंदर आता नाही. नदीने आणलेल्या गाळाने ते भरलं आणि समुद्र काही किलोमीटर मागे हटला. मी तीस वर्षं फळ्यावर गाळाचं संचयन शिकवलं, पण त्याने एक आख्खं शहर ओस पाडलेलं तिथे पहिल्यांदा पाहिलं. अर्तमीचं देऊळ, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, तिथे दलदलीत एकच जोडून उभा केलेला खांब आहे. बस तिथे दहा मिनिटंच थांबली.

पर्गमला केबल कारने वर जायचं. डोंगराच्या उतारावर थिएटर इतकं उभं आहे की वरून बघताना जाऊबाईंनी माझा हात सोडला नाही. झ्यूसच्या वेदीच्या जागी पायऱ्यांचा चौथरा आणि झाडं आहेत. वेदीची शिल्पं जर्मन अभियंता कार्ल हुमान याच्या उत्खननानंतर बर्लिनला गेली. पर्गमच्या पत्रातलं 'सैतानाचं आसन' म्हणजे हीच वेदी असं बरेच जण मानतात. मला तिथे वेगळीच गोष्ट भावली. चर्मपत्राला युरोपी भाषांत जो शब्द आहे तो या गावाच्या नावावरून आला, आणि प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिताना पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं आण, असं सांगतो. त्या रात्री हॉटेलात मी ते वचन काढून समासात 'पर्गम' असं लिहिलं. माझ्या पवित्र शास्त्राच्या समासात गावांची नावं लिहायला त्या दिवशी सुरुवात झाली, ती अजून चालू आहे.

स्मुर्णा म्हणजे आजचं इझमीर. मोठं, गजबजलेलं शहर. जुन्या बाजारपेठेच्या तळघरातल्या कमानी बघितल्या, इथेच हुतात्मा झालेल्या बिशप पॉलिकार्पची आठवण केली आणि निघालो.

थुवतीरा, आजचं अखिसार, इथे निम्मा गट बसमधून उतरायलाच तयार नव्हता. गावाच्या मध्यभागी कुंपण घातलेला एक चौक, आत पडलेले खांब, चारी बाजूंनी दुकानं आणि रहदारी. वीस मिनिटांत झालं. पण लुदिया इथलीच. जांभळी वस्त्रं विकणारी बाई, जी फिलिप्पै गावी पौलाचं बोलणं ऐकून बाप्तिस्मा घेते आणि सगळ्यांना घरी राहायला बोलावते. कुंपणाबाहेर एक बाई पिशव्या सावरत भाजी घेऊन चालली होती आणि मी तिच्याकडे बघत राहिले. अखिसारमध्ये पाहण्यासारखं काही नाही म्हणून ते वगळणाऱ्या सहली आहेत. वगळू देऊ नका.

फिलदेल्फियाही तसंच. आजचं नाव अलाशेहिर. वस्तीत घरांच्या मध्ये एका जुन्या चर्चचे विटांचे प्रचंड खांब तेवढे उभे आहेत. या भागात इ. स. १७ साली मोठा भूकंप झाला, सार्दीस आणि फिलदेल्फिया दोन्ही कोसळली. जिथे घर सोडून उघड्यावर पळावं लागलं होतं त्या गावाला पत्रात सांगितलंय की जो विजय मिळवतो त्याला मी मंदिराचा स्तंभ करीन आणि त्याला पुन्हा बाहेर जावं लागणार नाही. गाईडने हे सांगितलं तेव्हा खांबाखाली उभे असलेले सगळे गप्प झाले. आमच्यातले एक काका किल्लारीच्या भूकंपानंतर मदतीला गेलेले होते. ते नंतर बराच वेळ खांबाला हात लावून उभे होते.

गावाबाहेर मात्र सगळे पुन्हा बोलते झाले, कारण दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. सप्टेंबर होता, जमिनीवर बेदाणे वाळत घातलेले. जाऊबाईंचं माहेर निफाडकडचं. त्यांनी मणी चाखून "ही तर आपली थॉमसन!" असं जाहीर केलं, आणि ते बरोबर होतं. तिकडची सुलताना आणि आपली थॉमसन सीडलेस ही एकच जात.

सार्दीसला आम्हाला दोन तास मिळाले, तेही कमी पडले. इथला राजा क्रीसस, सोन्यासाठी गाजलेला. त्याला इ. स. पूर्व ५४६च्या सुमारास हरवलं पर्शियाच्या राजा कोरेशाने, म्हणजे आपल्या एज्राच्या पुस्तकातला, यहूद्यांना घरी परत पाठवणारा तोच कोरेश. किल्ला अभेद्य समजून कड्याच्या बाजूला पहारा ठेवला नव्हता आणि शत्रू तिथूनच चढला, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. पुढे ग्रीक राजा अँटिओखसच्या वेळीही तसंच घडलं. आणि सार्दीसच्या पत्रात काय आहे? जागृत राहा, नाहीतर मी चोरासारखा येईन. इथे १९६२ साली सापडलेलं मोठं सभास्थान आहे, व्यायामशाळेला लागून, भर वस्तीत. शेजारच्या दुकानांत यहूदी आणि ख्रिस्ती दोघांच्या खुणा मिळाल्या आहेत.

आता लावदिकीया. आठ महिन्यांत सर्वांत जास्त वेळा मनात आलेलं ठिकाण हेच, आणि इथेच आम्हाला फक्त पन्नास मिनिटं मिळाली. समोर दरीपलीकडे पामुक्कलेचे पांढरेशुभ्र उतार दिसतात. तिथे हियरापलीसचे गरम झरे, औषधी म्हणून प्रसिद्ध. दुसऱ्या बाजूला कलस्सै, थंड पाण्याचं. लावदिकीयेला स्वतःचं असं पाणी नव्हतं, ते दगडी नळांतून लांबून आणलेलं. ते नळ तिथे पडलेले आहेत आणि आतून चुन्याने निम्मे बुजलेले आहेत. आमच्या बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल जशी पांढरी होते, हुबेहूब तशी पुटं. तू उष्ण नाहीस, शीतही नाहीस, कोमट आहेस, हे लावदिकीयेच्या पत्रातलं वचन मी वर्षानुवर्षं भक्तीतल्या उत्साहाबद्दल समजत आले. तिथे उभं राहिल्यावर वाटलं की ऐकणाऱ्यांना आधी स्वतःच्या नळाचं पाणी आठवलं असणार. गरम पाणी दुखण्याला उतार देतं, थंड पाणी तहान भागवतं, हे कशालाच उपयोगी नाही. त्या दगडी नळाचा फोटो माझ्या फोनवर अजून समोरच आहे. २०१० साली सापडलेलं चौथ्या शतकातलं चर्चही इथे आहे, वर छप्पर आणि काचेची वाट केलेली. ते मी धावत बघितलं.

धावत, कारण पुढे चामड्याच्या कपड्यांचं शोरूम होतं. दहा दिवसांत गालिचे, चामडं, दागिने आणि मिठाई अशी चार दुकानं झाली, प्रत्येकी दीड तास. कार्यक्रमपत्रिकेत ती 'कला-परिचय' म्हणून छापलेली होती. इस्तंबूलचं पुराणवस्तू संग्रहालय मात्र "वेळ नाही" म्हणून गाळलं. हिज्कीयाने यरुशलेममध्ये खोदलेल्या बोगद्यातला शिलालेख, १८८० साली सापडलेला, तुर्की राज्य असल्याने इस्तंबूलला नेलेला, त्या संग्रहालयाच्या मालकीचा आहे. यरुशलेमला जाता आलं नाही म्हणून आलेल्या माणसांसाठी ते किती मोलाचं होतं! याचं वाईट मला आजही वाटतं. पैसे भरण्याआधी दुकानं किती आणि प्रत्येक स्थळाला किती मिनिटं, हे लेखी घ्या. इस्तंबूलच्या आया सोफिया या जुन्या चर्चमध्येही (आज ती मशीद आहे) आता परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्ज्यातच जाता येतं. वरचं मोज़ेक सुंदर आहे, पण खाली जाता येत नाही हे आधी माहीत असावं.

जेवणाचं फार जणांना टेन्शन असतं. मसुराचं सूप रोज मिळतं, आयरान म्हणजे आपलं मीठ घातलेलं ताक, आणि पनीरला तिथे पेयनिर म्हणतात. दुकान, साबण, हवा, हिशेब हे शब्दही ओळखीचे निघतात. गुडघे दुखणाऱ्यांनी घडीची काठी न्यावी. जाऊबाईंचं पर्गमला तिच्यावरच निभावलं. गाईड इंग्रजीत बोलतो, कानातल्या यंत्रातून. इंग्रजी न येणाऱ्या मावश्यांसाठी पाळकसाहेब बसमध्ये मराठीत सांगत, नाहीतर त्यांच्या हाती काही लागलं नसतं. गटात असा एक तरी माणूस असल्याशिवाय ज्येष्ठांनी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जायचं का? जा, पण आधी दोन महिने ती सात पत्रं, प्रेषितांची कृत्ये आणि कलस्सैकरांस पत्र नकाशा शेजारी ठेवून वाचा. तयारी न करता आलेल्या आमच्यातल्या काहींना आज बलून आणि मिठाई तेवढी आठवते.

गेल्या महिन्यात वर्गात मुलांना सात पाकिटं करून दिली, वर गावांची नावं, आणि जमिनीवर खडूने नकाशा काढला. एकेकाने पोस्टमन व्हायचं आणि पत्रं बीटप्रमाणे लावून वाटत जायचं. सातवीतल्या एका मुलाने लावदिकीयेला शेवटचं पाकीट ठेवलं आणि विचारलं, "बाई, मग पोस्टमन घरी कुठून गेला?" मी घरी येऊन नकाशा उघडला. लावदिकीयेहून इफिसकडे परतायला सरळ वाट आहे, मेंडेरेस नदीच्या खोऱ्यातून. ही तीच नदी, जिच्या नावावरून भूगोलात नागमोडी वळणाला 'मिअँडर' म्हणतात. तीस वर्षं मी तो शब्द शिकवला आणि आमची बस त्या रस्त्याने गेली नाही. पुढच्या रविवारी त्या मुलाला निळा खडू दिला आणि ती नदी त्यालाच काढायला सांगितली.