देवळाली कॅम्पातलं दाल-पकवान

नाशिकरोडला चाळीस वर्षं काढली, पण कॅम्पाच्या बाजारातल्या या छोट्या दुकानात पहिल्यांदा गेले ती गेल्या रविवारी, सकाळी साडेआठला. तुम्हीही लवकरच जा. दहानंतर पकवान संपतं.

पकवान म्हणजे मैद्याची मोठी, कडक पुरी. लाटल्यावर काट्याने टोचतात म्हणून फुगत नाही. इथे पिठात जिरं आणि ओवा दोन्ही आहे, तेल अजिबात राहिलेलं नाही, मोडली की कडकन आवाज येतो. सोबत हरभऱ्याची डाळ, मऊ शिजलेली तरी दाणा न् दाणा शाबूत. वर आमचूर, चिंचेची चटणी आणि सढळ हाताने कांदा. हिरवी चटणी मात्र पाणचट वाटली. 70 रुपयांत दुपारपर्यंत भूक लागत नाही. बसायला दोनच बाकडी.

पैसे देताना मी बोलून गेले, "आमच्या सासूबाई याला निर्वासितांचं दुकान म्हणायच्या. पत्ताही तसाच सांगायच्या."

काका चिडले नाहीत. "वडील फाळणीत कराचीहून बोटीने मुंबईला आले, तिथून इथे बराकीत. निर्वासित ते. मी इथे जन्मलो ताई, मराठी शाळेत शिकलो. मला कुठून घालवलंय?"

गल्ल्याखाली एक पत्र्याची पेटी आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात वडिलांचं नाव, सिंधीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेलं. निम्मी अक्षरं उडाली आहेत. आत आता मैद्याची बिलं असतात.

घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यातून गेला नाही. वास म्हणजे राहणं. निवास, वनवास, निर्वासित सगळे त्यातलेच. राहत्या जागेतून ज्याला हुसकावलं तो निर्वासित. नांदूर मध्यमेश्वरला थंडीत येणारे पक्षी स्थलांतरित, ऊसतोडीला जाणारेही स्थलांतरित. धरणात गाव गेलं ते विस्थापित. प्रत्येक शब्दात जाण्याचं कारण वेगळं आहे, म्हणून ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत असं मला मनापासून वाटतं. आणि निर्वासित हा शब्द तर 1947 साली ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांचा. आपण तो आडनावासारखा त्यांच्या मुलानातवंडांना चिकटवला. पंचवटीच्या गावात तरी कळायला हवं होतं, रामाचा वनवासही चौदा वर्षांनी संपला होता.

काकांच्या वडिलांना स्वतःसाठीही तो शब्द रुचत नसे. ते 'पुरुषार्थी' म्हणायचे. फाळणीत आलेल्या बऱ्याच जणांनी शरणार्थीऐवजी हा शब्द जवळ केला होता. हात पसरायचा नाही, कष्ट करून उभं राहायचं, असा त्यांचा अर्थ. पहाटे चारला उठून डाळ शिजत घालणाऱ्या या घराला तो शोभतो.

पुढच्या रविवारी सूनबाईला घेऊन जाणार आहे. पार्सल नेणार असाल तर डाळ वेगळ्या डब्यात मागा, नाहीतर घरी पोचेस्तोवर पकवान मऊ पडतं.