नवी स्पोर्ट्स कार, वर्ष होत आलं: गाडी झकास, डीलरचा भरवसा नाही

गाडीबद्दल आधी लिहितो, कारण पुढे जी रडकथा आहे त्यात गाडीचा काडीचाही दोष नाही. दोन दारांची, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, सहा गिअरचा मॅन्युअल. नाव मुद्दाम देत नाही. माझं भांडण बनवणाऱ्या कंपनीशी नाही, विकणाऱ्याशी आहे, आणि त्याचंही नाव इथे घेणार नाही. मामला अजून पुरता मिटलेला नाही.

चालवायला ही गाडी म्हणजे निव्वळ चैन आहे. स्टिअरिंग हलकं असूनही रस्ता हाताला कळतो. वळणात नाक आत घ्यायला ती कधी कुरकुर करत नाही, आणि वळण सुटता सुटता ॲक्सिलरेटर जरा जास्त दिला की मागचं अंग किंचित सरकतंय हे बसल्या जागी समजतं. घाबरवत नाही, सांगते. इंजिनाची खरी मजा चार हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे. त्याच्या खाली ते सुस्त आहे, आणि ज्याला रोजच्या गर्दीत तिसऱ्या गिअरवर आरामात रेटायची सवय आहे त्याला ते आवडणार नाही. इंजिन गार असताना दुसरा गिअर अडतो. गिअरबॉक्सचं तेल तापलं की अलगद पडतो. सुरुवातीला हाही मला घोटाळ्याचाच भाग वाटला होता, पण याच मॉडेलच्या दुसऱ्या दोन गाड्या चालवून पाहिल्या, त्यांचंही तसंच आहे.

बाकी नेहमीचंच. मागची सीट पिशव्या ठेवायला. टायरचा आवाज आत येतो, खडबडीत रस्त्यावर तर गप्पाच बंद पडतात. टायरची भिंत इतकी बुटकी आहे की खड्डा दिसला की आधी रिमची आठवण होते. स्क्रीनबद्दल काही बोलण्यासारखं नाही. हे सगळं माहीत असूनच घेतली.

आता डीलर.

डिलिव्हरीच्या दिवशी मीटरवर दीडशेच्या वर किलोमीटर होते. डिलिव्हरीआधीच्या तपासणीत, म्हणजे पीडीआयमध्ये, गाडी थोडी फिरवतात. पण ती थोडीच फिरवतात. विचारलं तर सेल्समन हसून म्हणाला, "सर, आपल्याकडे हा रंग नव्हता ना, दुसऱ्या डीलरच्या गोडाउनमधून हायवेने चालवत आणली. तुमच्यासाठीच!" उत्तर पटण्यासारखं होतं. डीलर आपापसात गाड्या बदलतात हे खरंच आहे, आणि ट्रेलरऐवजी चालवत आणतात हेही खरं.

पण किल्ली घेताना मी डॅशबोर्डचा फोटो काढला होता. कौतुकाने काढला, पुरावा वगैरे डोक्यात नव्हतं. घरी आल्यावर तो मोठा करून पाहिला. ट्रिप 'बी', म्हणजे हवं तेव्हा शून्य करता येणारा दुसरा किलोमीटर मोजणारा आकडा, कोणी शून्य केलेली नव्हती, तिच्यावर ओडोमीटरइतकेच किलोमीटर दिसत होते, आणि सरासरी वेग ताशी चोवीस. हायवेने आलेल्या गाडीचा सरासरी वेग चोवीस? त्या पानावर पेट्रोलची सरासरीही होती, कंपनी सांगते त्याच्या निम्मी. इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या, शोरूमभोवती घिरट्या घातलेल्या आणि मधूनमधून चांगल्याच पिळलेल्या गाडीचे हे आकडे आहेत. सरळ भाषेत, टेस्ट ड्राइव्हचे.

कुणी म्हणेल, दीडशे किलोमीटरने काय होतं? साध्या गाडीत बहुधा काहीच होत नाही. पण स्पोर्ट्स कारमध्ये सुरुवातीचे किलोमीटर जपायचे असतात. पोर्शसारखी कंपनी पहिले ३००० किलोमीटर इंजिन सांभाळून चालवायला सांगते, बाकीच्यांच्या पुस्तिकांत साधारण १००० ते १६०० असा आकडा असतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, गिअर आणि डिफरन्शियलचे (इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांत वाटणाऱ्या भागाचे) दाते एकमेकांशी जुळतात, ते याच काळात. मी पुस्तिका वाचून एवढी पथ्यं पाळायची, आणि माझ्या आधी गार इंजिनावर कोण कोण रेडलाइनला, म्हणजे इंजिनाच्या कमाल वेगाला, भिडवून गेलं ते मला माहीतच नाही! बऱ्याच पोर्श गाड्यांत ठरावीक आरपीएमच्या वर इंजिन किती फिरलं आणि इंजिनाच्या कितव्या तासाला फिरलं याची नोंद संगणकात राहते, सेकंडहँड घेणारे ती आधी काढून घेतात. माझ्या गाडीतून तसलं काही निघालं नाही. नुसता फोटो.

किलोमीटरच्या बाबतीत हा खेळ जुना आहे म्हणा. १९८७ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरचंच प्रकरण बाहेर आलं होतं. कंपनीचे अधिकारी ओडोमीटर काढून ठेवून नव्या गाड्या वापरत होते, आणि पुढे त्या नव्या म्हणूनच विकल्या जात होत्या. काहींना तर अपघातही झाले होते. कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांना जाहीर माफी मागावी लागली. निदान माझ्या मीटरला कोणी हात लावलेला नव्हता, एवढं डीलरच्या बाजूने मांडून ठेवतो.

इथवर संशयच होता. पुढचं प्रकरण सिरॅमिक कोटिंगच्या, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराच्या, निमित्ताने निघालं. कोटिंग करणारा माणूस काम धरण्याआधी रंगाची जाडी मोजतो, पॉलिश किती करता येईल हे त्याला बघायचं असतं. चांगलं यंत्र लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हीवर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर मात्र मुकं राहतं. बोनेट, छत, दोन्ही दारं सगळीकडे ११० ते १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डावं पुढचं फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, लागलं आणि आकडा २४० वर गेला. तो म्हणाला, "हे पुन्हा मारलंय." मी म्हटलं, यंत्र नीट आहे ना? त्याने उजवं फेंडर मोजून दाखवलं, ११८. मग डाव्या बाजूला तिरका टॉर्च धरला. दिवसाउजेडी दोन्ही बाजू एकसारख्या दिसतात, पण त्या उजेडात डाव्या फेंडरची संत्र्याच्या सालीसारखी बारीक खरबड वेगळी उठून दिसली. बोनेट उघडून फेंडरचे बोल्ट बघितले. उजवीकडच्या बोल्टांच्या कडेला कारखान्यातला रंग अखंड होता, डावीकडच्या दोन बोल्टांच्या कोपऱ्यांवर पाना लागून रंग उडालेला.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. जाड रंग म्हणजे डीलरची लबाडीच, असं होत नाही. कारखान्यातसुद्धा रंगात दोष निघाला की तो भाग घासून परत रंगवतात, आणि वाटेत लागलेलं तर डीलरला ठाऊकही नसू शकतं. डॉ. आयरा गोर यांचा गाजलेला खटला असाच आहे. १९९० च्या जानेवारीत अलाबामात त्यांनी काळी बीएमडब्ल्यू घेतली, ४०,७५०.८८ डॉलरला. नऊ महिने मजेत चालवली, काही खटकलं नाही, मग आणखी चमकवायला एका दुकानात दिली, तर तिथल्या माणसाने सांगितलं की ही रंगवलेली आहे. जर्मनीहून येताना, बहुधा आम्लयुक्त पावसाने, रंग खराब झाला होता आणि वितरक कंपनीने तो ६०१ डॉलरांत नवा करून घेतला होता. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर गाडी नवी म्हणून विकायची आणि डीलरलाही सांगायचं नाही, असं त्यांचं धोरणच होतं. ज्युरीने ४००० डॉलर नुकसानभरपाई दिली आणि वर दंड ४० लाख! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २० लाखांवर आणला, १९९६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला तोही अवाच्या सवा वाटला, आणि शेवटी ५० हजारांवर प्रकरण थांबलं. मला त्यातला दंड नाही, ४००० चा आकडा महत्त्वाचा वाटतो. पुन्हा रंगवलेली गाडी साधारण दहा टक्के कमी किमतीची ठरते, या साक्षीवरून तो आला होता. डोळ्याला न दिसणाऱ्या रंगालाही किंमत असते ती अशी.

त्यामुळे फेंडरवरून मी लगेच डीलरकडे धावलो नाही. धावलो ते टायरवरून.

टायरच्या कडेला डॉट या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. उदाहरणार्थ २२२३ म्हणजे २०२३ चा बाविसावा आठवडा. चारही टायर एकाच आठवड्याचे नसतात, त्यात वावगं काही नाही. बरेचदा हा कोड एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेलेली असते, म्हणून मला खाली वाकून मोबाइलने फोटो काढावे लागले. तीन टायर गाडीच्या बांधणीच्या आधीचे निघाले, असायलाच हवेत. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर बांधणीचा महिना छापलेला आहे. डावा पुढचा टायर त्या महिन्याच्या सात आठवडे नंतरचा. कारखान्यातून निघाली तेव्हा तो टायर जगात आलाच नव्हता! तर मग गाडीला तो कोणी लावला? आणि नेमका त्याच फेंडरच्या खाली?

शोरूममध्ये उत्तरं माणसागणिक बदलली. सेल्समन म्हणाला, "सर, कंपनीतून तशीच येते." सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, ट्रेलरवर टायर पंक्चर होतात कधीकधी. मॅनेजरने चहा मागवला, आणि गाडी चालायला कशी वाटते हे तीनदा विचारलं. मी एवढंच म्हणत होतो, जे सांगताय ते लिहून द्या. लिहून द्यायला कोणी तयार नव्हतं. माझ्या लेखी डीलरचा निकाल तिथेच लागला. गाडीला वाटेत लागणं हा गुन्हा नाही, दुरुस्त करणंही नाही. पण तोंडाने तीन गोष्टी सांगायच्या आणि कागदावर एकही नाही?

मग थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला. १७ अक्षरांचा चासी नंबर, चारही टायरचे फोटो, रंगाच्या जाडीचे फोटो, आणि एकच प्रश्न: या गाडीवर माझ्या बिलाच्या तारखेआधी कुठल्या कामाची नोंद आहे? भावना, मनस्ताप, विश्वासघात असलं काही लिहिलं नाही. दोन स्मरणपत्रं गेली, तिसऱ्याला उत्तर आलं. डिलिव्हरीच्या पाच आठवडे आधी त्याच डीलरकडे एक इंटरनल जॉब कार्ड उघडलं होतं: एक टायर, एक फेंडर लायनर (फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर), अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). म्हणजे गाडीला लागलं ते त्यांच्याच अंगणात, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं.

त्याच उत्तरात न विचारलेली एक गोष्ट निघाली. माझी वॉरंटी बिलाच्या सहा आठवडे आधीच सुरू झाली होती. महिनाअखेरीला टार्गेट गाठायला डीलर न विकलेल्या गाड्या सिस्टीममध्ये विकल्याचं दाखवतात, आणि त्या दिवसापासून वॉरंटीचं घड्याळ चालू होतं. गाडी उभी शोरूममध्ये, वॉरंटी संपतेय माझी. बिलाची प्रत पाठवल्यावर कंपनीने तारीख विनातक्रार बदलून दिली. नवी गाडी घेतलेल्या प्रत्येकाने ॲपमधली वॉरंटीची तारीख बिलाशी ताडून बघावी, दोन मिनिटांचं काम आहे.

जॉब कार्डचा कागद समोर ठेवल्यावर मॅनेजरचा सूर बदलला. त्यांनी एक्स्टेंडेड वॉरंटी देऊ केली, बदल्यात 'तक्रार समाधानकारकरीत्या मिटली' अशा पत्रावर सही हवी होती. मी सही केली नाही. मला दोन गोष्टी हव्या होत्या: काय दुरुस्त केलं त्याचं लेटरहेडवर पत्र, आणि दुसऱ्या वर्कशॉपमध्ये माझ्या समोर अलाइनमेंट. पत्र मिळालं, 'किरकोळ स्पर्श' असे शब्द आहेत त्यात. अलाइनमेंटमध्ये पुढच्या दोन्ही चाकांचा कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचा उभा आणि आडवा कल, कंपनीच्या मर्यादेत निघाला, सबफ्रेमला, म्हणजे चाकं-सस्पेन्शन ज्याला जोडलेलं असतं त्या सांगाड्याला, धक्का नाही. किमतीतल्या फरकाचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त चीड कशाची आली असेल तर मधल्या काही महिन्यांची. गाडी अप्रतिम, आणि मी तिच्यात बसून आवाज हुडकत होतो. ब्रेक सकाळी घासला की संशय. पावसानंतर डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो कुठल्याही गाडीवर येतो, तरी संशय. पहिल्या सर्व्हिसला जाताना मी जुन्या ऑइल फिल्टरवर मार्करने खूण करून ठेवली होती. परत आल्यावर वाकून बघितलं तर खूण नाही, फिल्टर खरंच नवा. त्यांच्या बाजूने आणखी एक.

आता सर्व्हिस दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये करतो, थोडं लांब पडतं. हीच गाडी घ्यायचा विचार असेल तर बिनधास्त घ्या, पण डिलिव्हरीआधी चारही टायरचे कोड वाचा, ट्रिप मीटर स्वतः शून्य करू नका आणि त्यांनाही करू देऊ नका, आणि 'या गाडीवर आधी काय काम झालंय' हे ईमेलने विचारा, तोंडी नाही. माझे मागचे टायर आता बदलायला आलेत. पुढचे अजून बरे आहेत, पण चारही एकदम टाकावेत असं मनात आहे.