जोत्यांचे नकाशे: स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची मोफत नकाशा-सेवा

नगर भूमापन कार्यालयात मी एकतीस वर्षं आरेखक होते. ट्रेसिंग कापडावर शाईच्या रेघा ओढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे जुना नकाशा दिसला की मी थांबतेच. एडिनबरोच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने आपले जुने नकाशे इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. पाहायला पैसे पडत नाहीत, नोंदणीही लागत नाही. गेले आठ महिने दुपारची झोप सोडून मी ते बघते आहे. गावगाडा, जमीन, मोजणी यांत रस असलेल्या प्रत्येकाने ते बघावेत, म्हणून हे लिहिते.

सुरुवात गिरगाव चौपाटीवरच झाली. विल्सन कॉलेजसमोरून आयुष्यभर गेले, पण ते विल्सन कुठले, हे कधी विचारलं नव्हतं. कॉलेजचे संस्थापक, मिशनरी जॉन विल्सन 1804 मध्ये स्कॉटलंडच्या दक्षिण भागातल्या लॉडर गावी जन्मले. मग शोधायच्या चौकटीत पहिलं नाव लॉडरचंच टाकलं. या गावाच्या हद्दीत ‘बर्जेस एकर’ नावाचे 105 तुकडे होते आणि ज्याच्याकडे तो तुकडा, त्यालाच गावच्या सामाईक माळावर हक्क. आपल्या गायरानाची आठवण येते ना? इंग्रज कायदेपंडित हेन्री मेन यांनी हिंदुस्थानातल्या गावकीची युरोपातल्या गावांशी तुलना केली, तेव्हा त्यांनीही याच लॉडरचा दाखला दिला होता.

या संकेतस्थळावरचा सगळ्यात देखणा नकाशा म्हणजे मोजणीदार विल्यम रॉय यांची स्कॉटलंडची लष्करी पाहणी. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत राजाविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचा पाडाव झाला, पण डोंगराळ मुलखात फौज हलवायला धड नकाशा नव्हता. म्हणून 1747 ते 1755 या काळात जवळजवळ सगळी मुख्यभूमी साखळी आणि होकायंत्र घेऊन पालथी घातली गेली. घरं लाल ठिपक्यांनी, पाणी निळसर-हिरव्या रंगात आणि नांगरलेली जमीन बारीक समांतर रेघांनी दाखवली आहे. त्या रेघा मी भिंगाखाली धरल्यासारख्या मोठ्या करून पाहिल्या. कुंचल्याला किती कमी रंग लावून हात किती हलका ठेवला असेल, हे ज्याने ते काम केलंय त्यालाच कळेल. अचूकतेच्या बाबतीत मात्र जपून. खुद्द रॉय यांनीच पुढे त्याला नकाशापेक्षा रेखाटन म्हटलं होतं. हद्द ठरवायला त्याचा उपयोग नाही, पण बांध-कुंपणं पडण्याआधी शेती कशी विखुरलेली होती, ते त्यात दिसतं. त्या काळी बऱ्याच गावांत जमिनीच्या लांबट पट्ट्या कुळांमध्ये वाटलेल्या असत. एकाची पट्टी इथे, दुसरी तिथे, आणि काही ठिकाणी ठरावीक काळाने वाटणीही बदलत असे. या पद्धतीला ‘रनरिग’ म्हणतात.

पण माझा जीव अडकला तो पुढच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याच्या नकाशांत. एका मैलाला सहा इंच, म्हणजे 1:10,560 हे प्रमाण. लागवडीच्या मुलखासाठी मैलाला पंचवीस इंचांचे नकाशेही आहेत, आणि त्यांत प्रत्येक तुकड्याला आपल्या सर्व्हे नंबरसारखा नंबर आहे. उत्तरेकडच्या ओसाड माळांना मात्र सहा इंचांवरच भागवलं आहे.

या नकाशांत एक खूण आहे, ती एकदा कळली की नजर बदलते. छप्पर असलेलं घर आतून भरलेलं दाखवतात. छप्पर गेलेलं घर म्हणजे नुसती बाह्यरेषा, आत कोरं. आमच्या भाषेत सांगायचं तर जोतं.

उत्तर टोकाला सदरलंडमध्ये नेव्हर नदीचं खोरं आहे. तिथे रोझल, ग्रमोर अशा वाड्या होत्या. 1814 ते 1819 या काळात जमीनदारांनी खोऱ्यातली माणसं उठवून चेव्हियट जातीच्या मेंढ्यांसाठी रान मोकळं केलं. लोकांना समुद्रकाठी तुटपुंज्या जमिनीवर बसवलं. तिथल्या एका वस्तीला जमीनदारीणबाईंच्या नावावरून ‘बेटीहिल’ म्हणतात. पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर घरं जाळल्याच्या आरोपावरून 1816 मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी मोजणीदार त्या खोऱ्यात पोचले, तेव्हा त्यांनी काढल्या त्या कोऱ्या चौकटी, आणि त्यांच्या जवळपास ‘शीपफोल्ड’, म्हणजे मेंढवाडे. काढणाऱ्याने कुणाची बाजू घेतलेली नाही. जे दिसलं तेच कागदावर उतरवलं आहे. त्या दुपारी मी संगणक बंद केला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. आमच्या वाडीतली माणसं मेंढ्यांनी नाही, गिरणीच्या भोंग्याने नेली. आजोबा खोताचं कूळ होते, आणि वडील परळच्या गिरणीत आले ते कायमचेच. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मला कळतं. आम्हाला कुणी जाळून हाकललं नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ आणि बेटांच्या मुलखातल्या छोट्या कुळांना जमिनीची शाश्वती मिळाली 1886 च्या कायद्याने, आमच्याकडे खोती निर्मूलनाचा कायदा आला 1949 मध्ये. पण रिकामं जोतं दोन्हीकडे सारखंच दिसतं.

आता वापरायचं कसं, ते सांगते. ‘साइड बाय साइड’ या सोयीत पडद्याच्या डाव्या अर्ध्यात जुना नकाशा आणि उजव्या अर्ध्यात आजचं उपग्रहचित्र येतं. एक सरकवला की दुसरा आपोआप सरकतो. रोझल बघायचं ते असंच. आज भोवती सूचिपर्णी झाडांची लागवड आहे आणि मधोमध जुन्या गावाची जागा तेवढी उघडी ठेवली आहे. दुसऱ्या सोयीत जुना नकाशा नव्यावर ठेवून एका पट्टीने हळूहळू पारदर्शक करता येतो. ट्रेसिंग टेबलाखालचा दिवा लावल्यासारखं वाटलं मला. मोबाइलवर बघू नका, मजा येत नाही. मोठा पडदा घ्या.

नावं वाचायला थोडी गेलिक, म्हणजे तिथल्या डोंगराळ मुलखाची जुनी भाषा, शिकावी लागते, पण आपल्याला ती जड जात नाही. ‘बाल’ने सुरू होणारी बरीच नावं ‘बाले’वरून आली आहेत, म्हणजे गाव. ‘आख’ म्हणजे शेत. ‘मोर’ म्हणजे थोरलं, ‘बेग’ म्हणजे धाकटं. आपलं बुद्रुक आणि खुर्द! ‘आरी’ म्हणजे उन्हाळी चराईची झोपडी. बायका-मुलं गुरं घेऊन डोंगरावर जायची आणि तिथेच लोणी-चीज करायची. नकाशात ‘शीलिंग’ लिहिलेलं दिसलं की ते हेच. मी मनात त्याला गवळीवाडा म्हणते.

दोन सावधगिऱ्या. प्रत्येक कोरी चौकट म्हणजे घरच असं नाही, एखादा गुरांचा वाडाही असू शकतो. आणि भिंती जमिनीला टेकल्या असतील, तर मोजणीदारांनी त्या सोडूनही दिल्या आहेत. म्हणून नकाशात काही नाही याचा अर्थ तिथे कधी कुणी राहत नव्हतं, असा काढू नये.

छापील प्रत हवी असेल तर दुकानदाराच्या डोक्यावर उभं राहा. मी फोर्टमधल्या एका दुकानात एक पूर्ण शीट छापून घेतली. त्याने कागदात बसावी म्हणून न विचारता आकार कमी केला. घरी येऊन पट्टी लावली, तर सहा इंचांचा मैल सव्वापाच इंचांचा झालेला! पाचशे रुपये गेले. शंभर टक्के आकारात छापा असं लिहून द्या आणि पैसे देण्याआधी प्रमाणपट्टी मोजा.

मे महिन्यात गावी जाणार आहे. भाऊ म्हणतो, आमच्या वाडीत अकरा जोती उरली आहेत, त्यातली तीन आता करवंदीच्या जाळीत गेली. तेहतीस फुटांची साखळी काही आता माझ्याकडे नाही, टेप नेईन. करवंदं तोडायला कोयता भावाकडे आहे.