‘माहीत आहे’ म्हणजे ओळख नव्हे: वेस्लींवरचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स

24 मे 1738 ही तारीख मला पाढ्यासारखी पाठ आहे. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या घरात वाढलेल्या बहुतेकांना असते. लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवर, फारशी इच्छा नसताना, या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली एका सभेला गेले. तिथे बायबलमधल्या रोमकरांस पत्राला धर्मसुधारक लूथरने लिहिलेली प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं. रात्री पावणेनऊच्या सुमारास त्यांना आपलं हृदय विलक्षण ऊबदार झाल्यासारखं वाटलं. हे सगळं मी झोपेतसुद्धा सांगेन. चर्चमधला बायबल अभ्यास घ्यायचं काम गळ्यात पडलं, तेव्हा पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, “ऊबदार म्हणजे नेमकं काय झालं?” मी तिला तारीख पुन्हा एकदा सांगितली. त्याच रात्री हा कोर्स शोधला.

माणसाला देव कसा कळतो याबद्दल वेस्लींचं म्हणणं काय, एवढाच विषय. दर आठवड्याला दीड तासाचं रेकॉर्डिंग, वाचायला वेस्लींची दोन-तीन प्रवचनं आणि शनिवारी ऑनलाइन गटचर्चा. सगळं इंग्रजीत. पुढे थोडी कुरकुर आहे, म्हणून चालवणाऱ्यांचं नाव देत नाही. आणि एक आधीच सांगते: मी निवृत्त ऑडिटर. उभी नोकरी लोकांकडे कागद मागण्यात गेली. कुणी “मला आतून खात्री आहे” म्हणालं की माझा हात आपोआप व्हाउचर शोधू लागतो.

पहिला आठवडा चरित्राचा होता, तो सोडलात तरी चालेल. दुसऱ्यासाठी मात्र अख्खा कोर्स घ्यावा. जानेवारी 1736, अमेरिकेतल्या जॉर्जियाला वेस्लींना घेऊन निघालेलं जहाज, आणि वादळ. मोरावियन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या जर्मनांची उपासना चालू असतानाच लाट आदळते, मुख्य शीड फाटतं, दोन डेकच्या मधे पाणी घुसतं. इंग्रज प्रवासी किंचाळतात, जर्मन गात राहतात. नंतर वेस्ली त्यांच्यातल्या एकाला विचारतात, भीती नाही वाटली? देवाची कृपा, नाही. आणि तुमच्या बायकामुलांना? तीही मरायला भीत नाहीत. वेस्ली तेव्हा बत्तीस वर्षांचे. ऑक्सफर्डला शिकवून आलेले, आणि सगळं इतकं शिस्तीत पाळणारे की ‘मेथडिस्ट’ हे नाव लोकांनी टिंगलीतून दिलेलं.

जॉर्जियात उतरल्यावर मोरावियन पुढारी श्पांगेनबेर्ग त्यांना विचारतो, “तुम्ही येशू ख्रिस्ताला ओळखता का?” वेस्ली थबकतात. म्हणतात, “तो जगाचा तारणारा आहे हे मला माहीत आहे.” खरंय, पण त्याने तुम्हाला तारलंय हे माहीत आहे? “मला तारण्यासाठी तो मेला अशी मला आशा आहे.” तुम्ही स्वतःला ओळखता? “हो.” मग रोजनिशीत लिहून ठेवतात, की ते शब्द पोकळ होते अशी भीती वाटते.

इंग्रजीत या सगळ्याला ‘नो’ (know) हे एकच क्रियापद. त्यातला फरक सांगायला कोर्स शिकवणाऱ्या सरांना वीस मिनिटं लागली, मदतीला ग्रीक आणि जर्मन आणावी लागली. मी वहीत मराठीत संवाद उतरवला आणि फरक आपसूक पानावर आला: प्रश्न ‘ओळखता का’ असा होता, उत्तर ‘माहीत आहे’ असं गेलं. शेजारच्या बाईंचं नाव, नोकरी, मुलांची शिक्षणं सगळं आपल्याला माहीत असतं, ओळख नसते. मी त्या मुलीला तारीख सांगितली होती, तीही याच खात्यातली.

तिसऱ्या आठवड्यात बेडूक आला. 1790 मधलं, म्हणजे मरणाच्या आदल्या वर्षीचं प्रवचन. ओकच्या झाडाच्या गाभ्यात एक बेडूक बंद सापडतो. त्याला डोळे आहेत, पण उजेडाचा किरण आत कधी शिरलेला नाही. कान आहेत, आवाज नाही. सूर्य-चंद्राची त्याला कल्पनाच नाही. देवाशिवाय जगणारा माणूस अदृश्य जगाच्या बाबतीत असाच, असं वेस्ली म्हणतात. सरांनी इथे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा धागा छान जोडला. देवाची कल्पना माणूस जन्मताना घेऊन येत नाही, जे काही कळतं ते इंद्रियांच्या वाटेने कळतं, हे वेस्लींना मान्य. मग डोळ्यांना न दिसणारा देव कळणार कुठल्या वाटेने? विश्वास हीच ती वाट, असं त्यांचं उत्तर: डोळ्याला जसं दृश्य जग, तसं विश्वासाला अदृश्य जग. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातला जो शब्द आपण ‘खात्री’ म्हणून वाचतो, त्याचा अर्थ ते ‘पुरावा’ असा घेतात. इथे मी ताठ बसले. पुरावा हा माझ्या धंद्यातला शब्द. आणि हे इंद्रिय आपण कमवायचं नसतं, ते कृपेने उघडतं. आपण देवाकडे वळायच्या आधीच ती कृपा कामाला लागलेली असते.

त्या ‘आधीच्या’ कृपेवरून एक गंमत. इंग्रजी सबटायटल यंत्राने केलेली. सर ‘प्रिव्हेनियंट’ म्हणायचे, खाली उमटायचं ‘प्रिव्हेंटिंग’. म्हणजे रोखणारी कृपा! मी वेळ-मिनिटांसकट तक्रार पाठवली. मग प्रवचनाचा मूळ मजकूर उघडला, तर खुद्द वेस्लींनीच ‘प्रिव्हेंटिंग’ लिहिलेलं. तेव्हाच्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ ‘आधी येणं’ असाही होता. तक्रार मागे घेतली.

चौथा आठवडा साफ फसला. पवित्र शास्त्र, परंपरा, बुद्धी आणि अनुभव असा तो प्रसिद्ध चौकोन. टेबलाचे चार सारखे पाय असल्यासारखं चित्र काढलं आणि त्यावर प्रश्नमंजूषा घेतली. आता, हा चौकोन वेस्लींचा नव्हेच. अल्बर्ट आउटलर या विसाव्या शतकातल्या अभ्यासकाने ते नाव पाडलं, 1972 मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या नियमपुस्तकात ती चौकट शिरली, पुढे आउटलरनाच त्या नावाचा पश्चात्ताप झाला आणि 1988 च्या दुरुस्तीत शास्त्राचं पहिलं स्थान ठळक करावं लागलं. यातलं एक अक्षर रेकॉर्डिंगमध्ये नाही. वेस्ली स्वतःला एकाच पुस्तकाचा माणूस म्हणवत. (आणि इतरांसाठी पन्नास खंडांचं ग्रंथालय संपादित करत, ते वेगळं.) बुद्धी सोडणं म्हणजे धर्म सोडणं, असंही त्यांनी बजावलंय. पण ते एकावर एक रचतात, चार पायांवर सारखा भार टाकत नाहीत.

सहाव्या आठवड्यातल्या पत्राने मात्र मागची सगळी कसर भरून निघाली. आल्डर्सगेटनंतर सारं सुरळीत झालं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. प्रत्यक्षात जानेवारी 1739 मध्ये, म्हणजे आठ महिन्यांच्या आत, आपण ख्रिस्ती नाही असं ते रोजनिशीत लिहितात. आणि जून 1766 मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, धाकट्या भावाला, चार्ल्सला पत्र लिहितात: मी देवावर प्रेम करत नाही, कधी केलंच नाही, अदृश्य किंवा शाश्वत अशा कशाचीच थेट साक्ष माझ्याकडे नाही. मधले काही शब्द लघुलिपीत, दुसऱ्या कुणाला कळू नयेत असे. तरीही मी सांगतो त्याहून वेगळं सांगायचं धाडस मला होत नाही, असंही त्याच पत्रात. पुढच्याच वर्षी ते आत्म्याच्या साक्षीवरचं दुसरं प्रवचन लिहितात, आणि त्यात देवाचा आत्मा माणसाच्या आत्म्याला थेट साक्ष देतो, हेच ठासून मांडतात.

मी रेकॉर्डिंग थांबवून चहा ठेवला. ऑडिटमध्ये अशी फाइल आली असती तर लाल शेरा मारून परत पाठवली असती. पण त्यांची पडताळणीची रीत पाहा. नुसत्या आतल्या साक्षीवर ते कुणालाच सोडत नाहीत; तिच्या जोडीला फळ दिसलं पाहिजे: प्रेम, आनंद, शांती. फळाशिवायची साक्ष हा भ्रम. आणि साक्षीशिवायचं फळ? त्यावरही विसंबून राहू नका, म्हणतात. दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. 1766 साली ते पत्र लिहिताना त्यांच्याकडे एक नोंद गहाळ होती आणि ती गहाळ आहे हे त्यांनी लिहून ठेवलं. इतका स्वच्छ हिशेब मी फार कमी पाहिलाय.

आता कुरकुर. ब्रिस्टलच्या प्रार्थनाघरावर कर्ज होतं. 1742 मध्ये ते फेडायला दर सदस्याने आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरत होतं. गरिबांना कुठून जमणार, असं निघालं, तेव्हा कॅप्टन फॉय उठून म्हणाले, सगळ्यात गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, कुणाला जमलं नाही तर त्याची पेनी मी भरीन. असे वसुलीला घरोघर जाणारे लोक तिथल्या माणसांची अवस्था पाहून यायला लागले, आणि वेस्लींच्या ध्यानात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. त्यातून बारा-बारांचे ‘क्लास’ उभे राहिले. दर आठवड्याला समोरासमोर बसून जिवाचं कसं चाललंय ते एकमेकांना विचारायचं. मेथडिस्टांना देव कळला तो बराचसा या बैठकांमधून. कोर्समध्ये याला किती वेळ? चार मिनिटं. मी घड्याळ लावलं.

आणि शनिवारचा गट चाळीस जणांचा! सगळे म्यूट. चॅटमध्ये ‘आमेन’ आणि जोडलेले हात. फक्त सातव्या शनिवारी, काही तांत्रिक घोळामुळे, आम्ही पाच जण चुकून वेगळ्या खोलीत पडलो. सूत्रसंचालक नाही, स्लाइड नाही. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक गृहस्थ म्हणाले, “बायको गेल्यापासून मला प्रार्थना करता येत नाही. बसतो नुसता.” कुणी वचन सांगितलं नाही, समजूत घातली नाही. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, “किती वाजता बसता?” “पहाटे पाचला.” “मग मीही पाचला बसते.” एवढ्यात आम्हाला पुन्हा चाळिसांत ओढून घेतलं, घोळाबद्दल माफी मागून.

घ्यावा का? घ्या. दुसरा, तिसरा आणि सहावा आठवडा नीट ऐका, चौथा सोडा, प्रवचनं मुळातून वाचा. शनिवारसाठी मात्र आपली चार-पाच माणसं आपणच जमवा.

कोर्स संपल्यावर अभिप्रायाचा फॉर्म आला. सातवा प्रश्न: या कोर्समुळे देवाशी तुमची ओळख किती वाढली, एक ते दहामध्ये सांगा. मी तो रकाना कोरा ठेवला. फॉर्म पुढे सरकेना, लाल अक्षरांत ‘हे भरणं आवश्यक आहे’. दोनदा प्रयत्न करून बंद केला, म्हणून हे इथे लिहितेय.