घडीचा उंदीर-पिंजरा: एक पावसाळा माळ्यावर काढल्यानंतर

भात कापणीला आलं म्हणून काल माळ्यावरून पिंजरे उतरवले आणि जीव थंड झाला. सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर लोखंडाची काय दशा होते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जुन्या लाकडी तळाच्या पिंजऱ्यांचं दरवर्षी ठरलेलं: फळी कुजलेली, स्प्रिंग गंजलेली, दार अर्ध्यावर अडकलेलं. हे जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी जाळीचे सहाही पिंजरे उघडल्याबरोबर उभे राहिले आणि दार खाडकन पडलं.

गेल्या दिवाळीत घेतले तेव्हा माझं मत बरं नव्हतं. जुन्याच्या दीडपट पैसे आणि तार हाताला हलकी. एकाची जाळी तर घुशीने वाकवलीच. पण कणगीभोवतीच्या उंदरांना चोख; सुकट नाहीतर भाजलेलं खोबरं लावलं की काम होतं. मत पालटलं ते हंगाम संपल्यावर. जुने पिंजरे अर्धा माळा अडवायचे. हे सगळे घडी घालून भाजीच्या एका जाळीदार क्रेटमध्ये उभे मावले.

मात्र कोंबून भरू नका. जस्ताची जाळी ओलसर असताना एकमेकीला चिकटून राहिली, हवा खेळली नाही, की पांढरा गंज धरते. मी मध्ये बांबूच्या कामट्या सरकवल्या. प्लास्टिकच्या गोणीत तर ठेवूच नका, आतून घाम सुटतो.

धुतल्याशिवाय माळ्यावर चढवू नका, ही कळकळीची विनंती. लेप्टोचा ताप उंदराच्या मुतातून पसरतो आणि आपल्या जिल्ह्याने तो भोगलाय. रबरी हातमोजे घालून साबणाने घासा, दहा मिनिटं ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा, मग साध्या पाण्याने भरपूर खळबळून काढा, कारण ब्लीचिंग राहिलं तर जस्त खातं. कडक ऊन दाखवा. स्प्रिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पुरे. दार पाडूनच ठेवा. ताणून ठेवलं की स्प्रिंग ढिली पडते.

आता आकडा. आमिष टोचायचा हा आकडा घडी घातल्यावरही बोटभर बाहेर राहतो आणि शेजारच्या जाळीत घुसतो. एक पिंजरा उचलावा तर मागोमाग दोन लोंबकळत येतात. काल सोडवताना अंगठा फाटला. एवढी घडी जुळवणाऱ्याला आकडा आत वळवायला काय होत होतं? दुकानदाराकडे बदलून मागितले तर म्हणाला, "सगळ्यांचे असेच येतात," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पैसे मोजून घेतलेल्या मालावर हे उत्तर मला अजून खुपतंय. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून प्रत्येक आकड्यावर चढवलेत, आता अडकत नाही.

घरातल्या उंदरांसाठी जरूर घ्या, पण आकडा निघतो का ते दुकानातच बघा. घुशींचा त्रास असेल तर माळ्यावर जागा गेली तरी जाड तारेचा न दुमडणाराच घ्या.