बंदुकीवर पोळ्याची झूल: स्किन बनवण्यासाठी क्रिटा कितपत पुरते?

काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये बंदुकांच्या रंगीत स्किन, म्हणजे बंदुकीवर चढवायची रंगनक्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये आल्या. त्यांतल्या कितीतरी स्किन खेळणाऱ्यांनीच बनवून स्टीम वर्कशॉपवर, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या गोष्टी पाठवायच्या संकेतस्थळावर, पाठवलेल्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी बसून मीही क्रिटा या चित्रे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरवर अशी एक स्किन बनवली. विषय घेतला तो पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात त्या झुलीचा.

स्किनच्या हायड्रोग्राफिक नावाच्या प्रकारात नक्षीचा एकच चौकोनी तुकडा बंदूकभर पुन्हापुन्हा उमटतो आणि स्किनच्या प्रत्येक प्रतीवर तो थोडा वेगळा सरकलेला असतो, त्यामुळे त्याच्या समोरासमोरच्या कडा तंतोतंत जुळल्या नाहीत तर सांधा उघडा पडतो. क्रिटा खरी कामाला येते ती इथे. डब्ल्यूची कळ दाबली की चित्र चारही बाजूंना पसरते, उजव्या कडेबाहेर काढलेला गोंडा डावीकडून आत येतो आणि सांधा कुठे होता हे आपल्यालाच शोधावे लागते.

नक्षी मात्र खऱ्या रंगांत काढायची नसते. लाल, हिरवा, निळा आणि काळा हे केवळ खुणेचे रंग. त्यांच्या जागी येणारे चार रंग पुढे खेळाच्या वर्कशॉप साधनात निवडायचे असतात. हे ठाऊक नसल्यामुळे हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल जुळवण्यात माझा पहिला आठवडा वाया गेला. रात्री लाईट जाणे आमच्याकडे नित्याचेच. तरी आपोआप जतन होणाऱ्या प्रतीमुळे काम बुडाले नाही.

दस्त्यापासून नळीपर्यंत सलग चित्र हवे असेल, तर मात्र क्रिटा अपुरी पडते. तिच्यात बंदुकीचे त्रिमितीय रूप दिसत नाही. उलगडलेल्या सपाट नकाशावर अंदाजानेच रंगवावे लागते. एके-४७ वर मी काढलेले बैलाचे शिंग मॅगझिनपाशी असे तुटले की ते पऱ्हाटीचे वाळके काटूक वाटावे. दर दुरुस्तीनंतर चित्र बाहेर काढून वर्कशॉप साधनात तपासण्याची चिकाटी नसेल, तर या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये.

झुलीच्या नक्षीपुरती मात्र मी समाधानी आहे. झीज, म्हणजे स्किन किती वापरलेली दिसावी हे ठरवणारा ० ते १ मधला आकडा, ०.०७ च्या आत असेपर्यंत ती कोरी करकरीत दिसते, ०.४५ च्या पुढे नेली, की पोळा फुटल्यावर चिखलात बसलेल्या बैलाच्या झुलीसारखी होते, आणि मला तीच अधिक आवडली.